गावचे आरोग्य गावच्या हाती

अभ्यासपाठ : प्राथमिक आरोग्यसेवा व आरोग्यसेविकेचे प्रशिक्षण
वाचन : निर्गम १८:१३-२६, मार्क ६:७-१३ व ३०-३१



आरोग्यसेवा हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे रुग्णालयाची इमारत उभी राहते. ही सवय आपल्याला आपल्याच इतिहासाने लावली आहे. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णालय उभारले. वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेपासून कार्यारंभ केला आणि १९१८ साली मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. या कार्याबद्दल आपण देवाचे जितके आभार मानू तितके थोडेच. तथापि रुग्णालय कितीही उत्तम असले तरी ते एका जागी उभे असते, आणि आजार मात्र घरोघरी जातो.

मध्यप्रदेशातील जबलपूर जिल्ह्यात मझौली नावाचे तहसिलीचे गाव आहे. जिल्ह्याच्या मुख्य शहरात, म्हणजे जबलपुरात, १९५५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे तज्ज्ञ आहेत, यंत्रे आहेत, विद्यार्थी आहेत. परंतु मझौलीभोवतालच्या एखाद्या खेड्यात मध्यरात्री तान्ह्या बाळाला धाप लागली, तर त्या घटकेला ते महाविद्यालय बाळाच्या उशाशी नसते. उशाशी आई असते, आजी असते, शेजारीण असते. त्यांना काय ठाऊक आहे, यावर बाळाचे जगणे अवलंबून राहते. जे मझौलीच्या बाबतीत खरे, तेच बीडच्या डोंगराळ भागात, मेळघाटात, बेळगावच्या जंगलपट्टीत खरे. म्हणून आरोग्यसेवेचा पहिला प्रश्न इमारतीचा नाही. पहिला प्रश्न असा की, त्या रात्री त्या गावात जाणते माणूस कोण आहे? आणि त्याला जाणते कोणी केले?

या पाठात आपण याच प्रश्नाचा अभ्यास करणार आहोत.

१. इथ्रोचा सल्ला

निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करीत बसलेला दिसतो. लोक रांगा लावून उभे आहेत. मोशे प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, देवाने नेमलेला आहे. तरीही त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की, ही रीत बरी नव्हे, यात तूही थकशील व लोकही थकतील. आजच्या एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यातील बाह्यरुग्ण विभाग ज्याने पाहिला आहे त्याला हे चित्र नवे वाटणार नाही.

इथ्रोच्या सल्ल्याचे तीन भाग आहेत. पहिला भाग शिकविण्याचा : जे नियम मोशेला ठाऊक आहेत ते त्याने लोकांना शिकवावे. दुसरा निवडीचा : लोकांमधूनच कर्तबगार, देवाचे भय धरणारी, विश्वासू व लाचेचा तिटकारा असणारी माणसे निवडावी आणि त्यांना हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नेमावे. तिसरा भाग कामाच्या वाटणीचा : लहान प्रकरणे त्यांनी पाहावी व अवघड प्रकरणे मोशेकडे आणावी.

वाचकहो, दहा माणसांवर एक हा नेमका गावातला शेजार होय. इथ्रोने मोशेला दुसरा मोशे आणावयास सांगितले नाही. मोशेजवळ जे ज्ञान होते त्यातला रोजच्या उपयोगाचा भाग त्याने वाटून द्यावा, असे सांगितले. प्राथमिक आरोग्यसेवेचे सारे शास्त्र या एका अध्यायात बीजरूपाने आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

२. प्राथमिक आरोग्यसेवा म्हणजे काय?

'प्राथमिक' या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. प्राथमिक म्हणजे कमी प्रतीची, गरिबांपुरती, असा अर्थ नव्हे. जी सर्वांत आधी व सर्वांत जवळ हवी ती प्राथमिक. सप्टेंबर १९७८ मध्ये, त्या वेळच्या सोविएत संघातील आल्मा-आटा या शहरी, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांची परिषद भरली. तेथे निरनिराळ्या राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी इसवी सन २००० पर्यंत सर्वांना आरोग्य मिळावे, असे ध्येय ठरविले व प्राथमिक आरोग्यसेवेची आठ अंगे सांगितली : आरोग्यशिक्षण, पुरेसा आहार, शुद्ध पाणी व स्वच्छता, माता व बालक यांची निगा आणि कुटुंबनियोजन, रोगप्रतिबंधक लसी, त्या त्या भागातील साथीच्या रोगांना आळा, नेहमीच्या दुखण्यांवर उपचार आणि आवश्यक औषधांचा पुरवठा.

या आठांपैकी किती गोष्टींना डॉक्टर प्रत्यक्ष हजर असावा लागतो, हे मोजून पाहा. बहुतेक गोष्टी स्वयंपाकघरात, पाणवठ्यावर, बाळंतिणीच्या खोलीत व ग्रामसभेत घडतात. तेथे जाण्याची मुभा असणारी व्यक्ती गावातलीच हवी, आणि पुष्कळदा ती स्त्रीच हवी.

दोन हजार साल आले आणि गेले. सर्वांना आरोग्य मिळाले नाही. पण ध्येय चुकले होते असे त्यावरून ठरत नाही. ज्या ठिकाणी ते मनापासून अमलात आणले गेले तेथे काय घडले, हे पाहणे अधिक उपयोगाचे. असे एक ठिकाण आपल्या महाराष्ट्रात आहे व त्याचा एक धागा थेट जबलपूरला जाऊन मिळतो.

३. जबलपूरहून जामखेडला

मेबल इमॅन्युएल यांचा जन्म १९३५ साली जबलपूर येथे झाला. त्यांच्या घरातील वातावरण ख्रिस्ती शिक्षणाचे व सेवेचे होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांची व अहमदनगर जिल्ह्यातील रजनीकांत आरोळे यांची भेट झाली. १९६० साली ते विवाहबद्ध झाले व खेड्यापाड्यांतील दुर्लक्षित लोकांसाठी आयुष्य वेचावयाचे, असा दोघांनी निश्चय केला. अहमदनगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काम केले. तेथे त्यांच्या ध्यानात आले की, बरे होऊन गेलेले मूल काही महिन्यांनी त्याच जुलाबाने, त्याच उपासमारीने आजारी होऊन परत येते. रुग्णालय रोगी बरा करीत होते, पण रोगाचे मूळ गावात तसेच राहत होते.

पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले व १९७० साली ते जामखेडला आले. जामखेड हा अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) अवर्षणग्रस्त तालुका. गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी कामाला आरंभ केला. १९७१ साली त्या भागातील गावांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती; त्याच साली देशाचा आकडा १२९ होता.

आरोळे दांपत्याने प्रथम जी योजना केली ती कोणीही केली असती. शिकलेल्या परिचारिका त्यांनी गावोगावी ठेवल्या. ती योजना चालली नाही. शहरातून आलेल्या तरुण मुलींना एकटीने खेड्यात राहणे कठीण जाई, आणि गावच्या बायका परक्या मुलीचे ऐकत नसत. तेव्हा गावातल्याच एका पुढाऱ्याने सुचविले की, आमच्या गावची बाई तुम्ही का शिकवीत नाही? हा सल्ला गावातून आला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. मोशेला सल्ला देणारा इथ्रोही मंडपाबाहेरून आला होता.

गावाने बाई निवडावी व जामखेडने तिला शिकवावे, असे ठरले. निवडून आलेल्या बायकांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या. कित्येक दलित होत्या, काही परित्यक्ता किंवा विधवा होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्या हाती गावच्या बाळंतिणी सोपवावयाच्या होत्या.

४. प्रशिक्षणाची रीत

येथे आपल्या अभ्यासाचा गाभा आहे. आरोग्यसेविका किती दिवस शिकली, या प्रश्नाला जामखेडचे उत्तर असे की, तिचे शिक्षण कधी संपलेच नाही. दर आठवड्याला बायका जामखेडला येत, मुक्काम करीत व परत जात. एका वेळी एक विषय शिकावयाचा, गावी जाऊन तो करून पाहावयाचा आणि पुढच्या खेपेला काय जमले, काय अडले ते सर्वांसमोर सांगावयाचे. चित्रे, गाणी व नाटुकली यांच्या साह्याने पाठ चाले, कारण पुष्कळ जणींना अक्षरओळख नव्हती. पण स्मरणशक्ती तल्लख होती, आणि आपल्या गावातले प्रत्येक घर त्यांना डॉक्टरांपेक्षा अधिक माहीत होते.

मार्काच्या सहाव्या अध्यायात हीच रीत दिसते. प्रभूने बारा जणांना जोडीजोडीने गावोगावी पाठविले, आणि ते परत आल्यावर त्यांनी जे केले व जे शिकविले ते सर्व त्याला सांगितले. मग त्याने त्यांना थोडा विसावा घ्यावयास सांगितले. पाठविणे, परत येणे, सांगणे, विसावणे व पुन्हा जाणे : शिष्य घडविण्याची ही पद्धत आणि आरोग्यसेविका घडविण्याची पद्धत यांत फारसे अंतर नाही.

रात्रीचा मुक्काम हाही अभ्यासक्रमाचाच भाग होता. निरनिराळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत, एकाच मोठ्या पांघरुणाखाली निजत. व्याख्यानाने जे बंधन तुटत नाही ते एका पंक्तीत बसल्याने व एका पांघरुणात निजल्याने सैल होते. ज्या बाईला जन्मभर दाराबाहेर उभे केले गेले, ती ताठ मानेने दारात शिरून 'बाळाला अंगावरचे दूध पाजा' असे सांगू शकेल काय? आधी तिला स्वतःची किंमत कळावी लागते. म्हणून जामखेडच्या शिक्षणात शरीराच्या रचनेइतकेच महत्त्व या ओळखीला होते की, ती देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेली आहे व तिची बुद्धी कोणाहून हिणकस नाही.

या शिक्षणातून निघालेली पाच तत्त्वे आपण ध्यानात घेऊ या.

पहिले : निवड गावाने करावी. ज्याने निवडले तोच ऐकतो.

दुसरे : ज्ञान लपवू नये. रक्तदाब कसा मोजतात, बाळ पोटात आडवे आहे हे हाताला कसे कळते, हे डॉक्टरांचे गुपित राहू नये.

तिसरे : थोडे शिकवावे, लगेच करवून घ्यावे, पुन्हा बोलवावे.

चौथे : शिकणारीचा मान वाढवावा.

पाचवे : तिच्या पाठीशी दवाखाना असावा. परिचारिका व डॉक्टर यांचे फिरते पथक गावी जाई, आणि सेविकेने पाठविलेला रोगी जामखेडच्या रुग्णालयात तिच्या शब्दाखातर तपासला जाई. ज्या सेविकेच्या चिठ्ठीला वर कोणी विचारीत नाही, तिला खालीही कोणी विचारीत नाही.

आरोग्याबरोबर पाणी व पोट हेही प्रश्न हाती घेतले गेले. १९७२ च्या दुष्काळात मुलांसाठी सार्वजनिक स्वयंपाकघरे चालविण्यात आली, कूपनलिका खोदण्यात आल्या व हातपंप दलित वस्तीत बसविण्यात आले. त्यामुळे पाण्यासाठी इतरांची पावले त्या वस्तीकडे वळली. शेतकरी मंडळे व महिला मंडळे स्थापन झाली.

फळ काय मिळाले? १७६ चा आकडा पाच वर्षांत, १९७६ पर्यंत, ५२ वर आला व १९९० च्या दशकात तो २६ झाला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली जामखेडच्या मुक्ताबाई पोळ या सेविकेने वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत भाषण केले. सभागृहातील झगमगती झुंबरे दाखवून त्यांनी डॉक्टरांना झुंबराची व स्वतःला छोट्या दिव्याची उपमा दिली. झुंबर सुंदर असले तरी महाग व दूर असते. छोटा दिवा मात्र स्वस्त असतो व आपल्या ज्योतीने दुसरा दिवा लावू शकतो, असा त्यांच्या बोलण्याचा भावार्थ होता. डॉ. मेबल १९९९ साली व डॉ. रजनीकांत २०११ साली प्रभूमध्ये विसावले. दिव्याने दिवा लावण्याचे काम त्यांच्या पश्चात चालू राहिले आहे.

५. थोडक्या ज्ञानाचे सामर्थ्य

गावच्या बाईला शिकविता येण्याजोगे असे ज्ञान तरी कोणते, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. तीन उदाहरणे पाहू या.

जुलाब. पूर्वी जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडण्याची चाल होती. वस्तुतः मूल जुलाबाने मरत नाही, अंगातील पाणी व क्षार निघून गेल्याने मरते. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते पाणी घोटघोट पाजीत राहिले तर पुष्कळ मुले वाचतात. आज जलसंजीवनीची पाकिटे सरकारी दवाखान्यात मिळतात व जोडीला जस्ताच्या गोळ्याही देतात. मापात चूक होऊ देऊ नये, मीठ अधिक झाले तर अपाय होतो. डोळे खोल गेले, मूल पाणी पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडले, तर विलंब न लावता दवाखाना गाठावा.

न्यूमोनिया. याच्या ओळखीसाठी क्ष-किरण यंत्र पाहिजेच असे नाही. मूल शांत असताना एक मिनिटभर त्याचे श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा अधिक श्वास भरले, तर धोका समजावा. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था स्थापन केली. तेथे मोजणी फारशी न येणाऱ्या सुइणींसाठी मण्यांचे साधन तयार करण्यात आले. मणी सरकवीत श्वास मोजावयाचे व मणी खुणेच्या पलीकडे गेले की न्यूमोनिया समजावयाचा. पुढे १९९५ पासून तेथील ३९ गावांत 'आरोग्यदूत' स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी निगा राखण्याचे शिक्षण देण्यात आले. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

धनुर्वात. विळ्याने कापलेली नाळ व तिच्यावर लावलेले शेण किंवा राख यांतून जंतू शिरत, आणि आठवड्याभरात बाळाचा जबडा आवळला जाई. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन ललाटी लिहिते, अशी समजूत असलेल्या घरात हा मृत्यू लिखितच वाटे. नवे पाते, उकळलेला दोरा, धुतलेले हात, कोरडी ठेवलेली नाळ व गरोदर मातेला टोचलेली लस, एवढ्यानेच हे 'लिखित' पुसले गेले. माता व नवजात बालक यांचा धनुर्वात भारतात आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेला नाही, असे २०१५ साली जाहीर झाले. त्यामागे लसीइतकाच घरोघर फिरणाऱ्या बायकांच्या पायांचा वाटा आहे.

निर्गमाच्या पहिल्या अध्यायातील इब्री सुइणींची आठवण येथे होते. फारो राजाचे नावही त्या अध्यायाने नोंदविलेले नाही. पण देवाचे भय धरून बाळे जगविणाऱ्या दोन सुइणींची नावे त्याने जपून ठेवली आहेत.

६. शासनाच्या योजना व त्यांतून मिळणारा धडा

शासनाने या दिशेने प्रयत्न केले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनस्वास्थ्य रक्षक योजना सुरू झाली. दर हजार लोकवस्तीला एक रक्षक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण व दरमहा ५० रुपये मानधन, असे तिचे स्वरूप होते. कागदावर ती जामखेडशी मिळतीजुळती दिसे. परंतु निवडलेल्यांत पुरुषांचा भरणा मोठा होता, आणि पुरुषाला बाळंतिणीच्या खोलीत प्रवेश नव्हता. तीन महिने संपले की शिक्षण संपले. औषधांची पेटी रिकामी झाली की कामही संपले. योजनेची नावे बदलत गेली व हळूहळू ती क्षीण झाली. मध्यप्रदेशात १९९५ साली याच नावाने पुन्हा एक योजना निघाली. मझौलीसारख्या भागातील खेड्यांसाठीच ती होती, पण तीही फार काळ उभी राहिली नाही.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर 'आशा' कार्यकर्ती आली. ती स्त्री आहे, गावचीच आहे, आणि हजार वस्तीमागे एक आहे. जामखेड व गडचिरोली यांच्या अनुभवाचा ठसा तिच्या कामावर स्पष्ट दिसतो. २०११ पासून नवजात बालकाच्या घरी ठरलेल्या दिवशी भेट देण्याचे कामही तिच्याकडे आले आहे. करोनाच्या साथीत ती दारोदार फिरली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला.

हा सन्मान योग्यच होय. तरीपण आपण स्वतःला विचारू या की, आपल्या गावच्या आशाताईला आपण काय समजतो? लसीच्या दिवशी बोलावणे करणारी, नोंदवह्या भरणारी, रुग्णाला वाहनातून नेऊन सोडणारी, असेच ना? तिला ठरावीक पगार नाही. कामागणिक मोबदला मिळतो, आणि तो वेळेवर मिळावा म्हणून तिला मोर्चे काढावे लागले आहेत. दवाखान्याच्या ओसरीवर ताटकळत बसलेल्या आशाताईला कोणी खुर्ची देत नाही. तिच्या ज्ञानावर विश्वास ठेवला गेला नाही, तर ती निरोप्या होऊन राहील. निरोप्याने आणलेला निरोप मध्यरात्री उपयोगी पडत नाही; तेथे स्वतः निर्णय घेऊ शकणारे जाणते माणूस लागते. १९७७ च्या योजनेचा धडा हाच आहे. प्रशिक्षण हे एकदा देऊन संपविण्याचे काम नव्हे. ते जोपासावयाचे नाते आहे.

७. मंडळीचे कर्तव्य

आता प्रश्न आपल्याकडे येतो. आज अनेक मिशन रुग्णालये आर्थिक ओढगस्तीत आहेत, काही बंद पडली आहेत. इमारत गेली म्हणजे सेवा गेली, असे समजून आपण हळहळत बसतो. परंतु आपल्या मंडळ्यांतून शेकडो परिचारिका निघाल्या व निघत आहेत. गावोगावच्या मंडळीत एखादी तरी निवृत्त सिस्टर असते, जिने तीस वर्षे बाळंतपणे केली व आता जी फक्त रविवारच्या उपासनेला येते. ती आपली खरी इमारत आहे. तिच्याजवळचे ज्ञान तिच्याबरोबर मातीआड जावे काय?

करता येण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. चर्चच्या आवारातील खोली महिन्यातून एकदा आशाताई, अंगणवाडीताई व सुइणी यांच्या बैठकीसाठी मोकळी करून द्यावी. निवृत्त परिचारिकेने त्या दिवशी एक विषय शिकवावा. पुढच्या महिन्यात काय जमले ते विचारावे. महिला मंडळाने चहापाणी करावे व सर्वांनी एका पंक्तीत बसावे. तरुण संघाने जलसंजीवनी करण्याची रीत व श्वास मोजण्याची रीत स्वतः शिकून वस्तीत दाखवावी. पाळकांनी उपासनेतील प्रार्थनेत डॉक्टरांबरोबर आशाताईचेही नाव घ्यावे, मग ती कोणत्याही धर्माची असो. तिचे मानधन थकले असेल तर ग्रामपंचायतीत व आरोग्य केंद्रात तिच्या बाजूने बोलावे. या सर्व गोष्टी सरकारी सेवेला पर्याय म्हणून नव्हे, तर तिला बळ देण्यासाठी कराव्या. आजार गंभीर दिसला तर रोग्याला आरोग्य केंद्रातच न्यावे. प्रार्थना अवश्य करावी, पण वाहन आधी बोलवावे.

एक सावधगिरीही हवी. सेवा हे आमिष होता कामा नये. जामखेडला उपचार घेणाऱ्यास त्याचा धर्म विचारला गेला नाही, आणि शिकावयास येणाऱ्या बाईलाही नाही. चांगल्या शोमरोन्याने जखमी वाटसरूच्या जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले व त्याच्या खर्चाचे पैसे दिले. बदल्यात त्याने काही मागितले नाही. प्रीतीला परतफेडीची अट घातली की ती व्यापार होते.

वाचकहो, जबलपूरला जन्मलेल्या एका बुद्धिमान स्त्रीने दुष्काळी जामखेड पत्करले, व आपले ज्ञान निरक्षर बायकांच्या ओंजळीत ओतले. ते ज्ञान कमी झाले नाही, गावोगाव पसरले. आपल्याजवळ तितके ज्ञान नसेल, पण जे आहे ते कोणाच्या तरी ओंजळीत पडावयास हवे. मझौलीपासून मिरजेपर्यंत अशी हजारो गावे आहेत जेथे आज रात्री एखादे बाळ धापा टाकील. त्याच्या उशाशी जाणते माणूस असावे, यासाठी आजचा दिवस आपल्या हाती आहे.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. निर्गम १८:२१ मध्ये सांगितलेले गुण आरोग्यसेविकेच्या निवडीला कसे लागू पडतात? आपल्या वस्तीत असे गुण असलेली, पण आजवर कोणी विचारात न घेतलेली व्यक्ती कोण?

२. मार्क ६:३०-३१ मध्ये परत आलेल्या शिष्यांना प्रभूने विसावा दिला. सतत सेवा करणाऱ्यांच्या विसाव्याची काळजी आपली मंडळी घेते काय?

३. आपल्या गावच्या किंवा वॉर्डातील आशाताईचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय? नसल्यास या आठवड्यात तिला भेटून तिची सर्वांत मोठी अडचण कोणती ते विचारावे व पुढील सभेत सांगावे.

४. आपल्या मंडळीत किती परिचारिका, दाई व डॉक्टर आहेत, त्यांची यादी करावी. त्यांपैकी प्रत्येकाने वर्षभरात एका तरी व्यक्तीला शिकवावे, असा संकल्प करता येईल काय?